तात्पुरत्या प्रभाऱ्याचा स्थिर सर्व्हर

सोमवार, ३ मार्च. दुपारी १२.४०

रोजनिशी सुरू. मोठ्या कामाची नोंद पहिल्या दिवसापासून असावी. पुढे कुणी विचारलंच तर दाखवता येते. कुणालाही दाखवायची नाही, हेही आजच ठरवलं आहे.

हुद्दा: तात्पुरता सिस्टिम प्रभारी. ठिकाण: दातांचा दवाखाना, चार खुर्च्या. माझी खोली कॉम्प्रेसरच्या मागे. तात्पुरता होऊन सहा वर्षं झाली.

आज मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. दवाखाना त्यांचा, मुख्य डॉक्टरही त्याच. म्हणाल्या की पेशंटांचे सगळे एक्स-रे ज्या सर्व्हरवर आहेत, त्याच्यावरचं लिनक्स, म्हणजे तो चालवणारी मूळ प्रणाली, म्हातारं झालंय, ३० एप्रिलनंतर त्याला दुरुस्त्या मिळणार नाहीत. त्याच दिवशी पेशंटांची माहिती सुरक्षित आहे का ते बघायला तपासनीस येणार आहेत. त्याआधी नवा सर्व्हर उभा करा. त्यात जी पॅकेजेस, म्हणजे तयार प्रोग्रॅम, टाकाल ती स्थिर हवीत आणि सुरक्षित हवीत. पास झालो, तर माझ्या कार्डावरचा 'तात्पुरता' हा शब्द त्या स्वतःच्या हाताने खोडतील. नापास झालो, तर एक्स-रे बाहेरच्या कंपनीकडे आणि मी परत रेकॉर्ड रूममध्ये, जुन्या फायलींना दोऱ्या बांधायला.

सहा वर्षं या एका शब्दाने माझा जीव खाल्लाय. बायकोच्या माहेरी माझी ओळख 'ते कॉम्प्युटरचं काहीतरी बघतात' एवढीच आहे.

दुपारी १.१०

यादी तयार. दहा मिनिटं लागली. लिनक्सची स्थिर आवृत्ती घ्यायची. तिच्यातली पॅकेजेस वर्ष-दोन वर्षं जुनी असतात, पण तावूनसुलाखून निघालेली असतात. सगळं लिनक्सवाल्यांच्याच अधिकृत भांडारातून. लागतील तेवढीच पॅकेजेस, म्हणजे एकोणीस. सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप येऊ द्यायच्या. बाकी हात लावायचा नाही. अपॉइंटमेंटच्या एका चिठ्ठीच्या पाठीवर सगळं मावलं. वर तारीख घातली.

निघताना मॅडम म्हणाल्या होत्या की डावीकडची खालची दाढ दाखवून घ्या, आठवडाभर तुम्ही उजवीकडनंच चावताय. बाईंची नजर भारी आहे. बघू.

मंगळवार, ४ मार्च

मेहुण्याचा फोन. तो मोठ्या कॉम्प्युटर कंपनीत आहे आणि हे तो विसरू देत नाही. बायकोने त्याला सगळं सांगितलेलं. न विचारता सल्ला दिला: स्थिर आवृत्ती घ्या भाऊजी, लागेल तेवढंच टाका, दुरुस्त्या आपोआप येऊ द्या, आणि मग प्लीज हात लावू नका.

शब्दन् शब्द माझी यादी! डोकं भणभणलं. त्याला जे जेवता जेवता सुचतं, ते माझ्या सहा वर्षांच्या अनुभवातून कसं निघेल? काहीतरी चुकतंय. दहा मिनिटांत झालेलं काम पक्कं नसतंच. यादी रद्द.

सर्व्हरचं टेबल डगमगतं. चिठ्ठीच्या आठ घड्या करून पायाखाली सारली. टेबल स्थिर. कागदही वाया गेला नाही.

संकल्प: एक, प्रत्येक पॅकेजचा सखोल अभ्यास. दोन, रोज दहा पॅकेजेस. तीन, दाढ शुक्रवारी.

शुक्रवार, ७ मार्च

भांडारात एकूण एकोणसाठ हजार पॅकेजेस आहेत. रोज दहा म्हणजे सोळा वर्षं. उद्यापासून रोज वीस.

दाढ आज दुखली नाही. म्हणजे स्थिर आहे. उगाच छेडण्यात अर्थ नाही.

बुधवार, १२ मार्च

निवड पूर्ण. एकशे बेचाळीस पॅकेजेस. त्यांतली अकरा नुसती सुरक्षेची. एक लक्ष ठेवतं, दुसरं त्या पहिल्यावर लक्ष ठेवतं, तिसरं दोघांच्या तक्रारी मला मेलने कळवतं. तिसऱ्यावर कोण लक्ष ठेवणार, याचा विचार चालू आहे.

एक्स-रे दाखवणारा प्रोग्रॅम मात्र स्थिर भांडारातला घेतला नाही. दोन वर्षं जुना. इंटरनेटवर एकाने लिहिलंय की नव्यात करड्या रंगाच्या छटा फार सुंदर दिसतात. तो बाहेरच्या भांडारातून आणला. आणताना सूचना आली की बाहेरची पॅकेजेस स्थिर आवृत्तीत मिसळलीत तर जबाबदारी तुमची. अशा सूचना नवख्यांसाठी असतात.

काउंटरवरच्या ताई किल्ली न्यायला आल्या होत्या. अपॉइंटमेंट, फोन, फायली, सगळं त्याच सांभाळतात. संध्याकाळी कसलासा कॉम्प्युटरचा क्लासही करतात म्हणे. त्यांनी विचारलं की जुन्या प्रोग्रॅममध्ये एक्स-रे नीट दिसत नव्हते का. मी म्हणालो, दिसत होते. मग बदलला कशाला, तर मी म्हणालो, प्रगती. त्या म्हणाल्या, बरं.

ताईंचं 'बरं' मला आवडत नाही.

सोमवार, १७ मार्च

नवा सर्व्हर चालू! जुना बंद. यादी एकशे बेचाळीसची होती, मोजली तर तीनशे बारा भरली. प्रत्येक पॅकेज आपले नातेवाईक घेऊन येतं. आलेल्यांना आता जा कसं म्हणणार?

सुरक्षेचा पहिला विजय सकाळी ११ वाजता. तीनदा चुकीचा पासवर्ड टाकणाऱ्याला बाहेर काढायची व्यवस्था मी केली होती. पहिल्या सापडल्या त्या मॅडम. हातमोजे घालून टाइप करत होत्या. पेशंट खुर्चीत तोंड उघडून बसलेला. चाळीस मिनिटं आत येऊ शकल्या नाहीत. व्यवस्था चोख आहे हे सिद्ध झालं, असं मी म्हणालो. मॅडमना ते तसं दिसलं नाही.

मंगळवार, १८ मार्च

सकाळी काही दुरुस्त्या आपोआप आल्या आणि अपॉइंटमेंटच्या चिठ्ठ्या कोऱ्या छापून यायला लागल्या. पेशंटांना वाटलं नवी पद्धत आहे. दोघे कोरी चिठ्ठी घेऊन घरी गेले. उरलेल्या चिठ्ठ्या ताईंनी हाताने लिहिल्या.

शोध घेतला. बाहेरून आणलेल्या प्रोग्रॅमला एका पॅकेजची नवी आवृत्ती हवी, स्थिर भांडाराला जुनीच हवी. दोघांच्या ओढाताणीत चिठ्ठी मेली. तीन तास खपून होतं तसं करून ठेवलं.

धडा: बदल हाच शत्रू. लिनक्समध्ये पॅकेजला होल्ड लावता येतो. होल्ड लावला की कुलूप. आवृत्ती इकडची तिकडे होत नाही. तीनशे बारापैकी तीनशे बारांना होल्ड लावला. याला म्हणतात स्थिरता. मेहुण्याच्या सात पिढ्यांना सुचलं नसतं.

आठवण: मेहुण्याच्या पिढ्यांत बायकोही येते. हे वाक्य खोडणे.

मंगळवार, २५ मार्च

दर मंगळवारी स्वतः तपासणी करायची, असा नियम केला. आज पहिली. एक कमांड दिली की सर्व्हर चार आकडे सांगतो. अपग्रेड झालेली: शून्य. नवी आलेली: शून्य. काढलेली: शून्य. अपग्रेड न झालेली: नऊ.

तीन शून्यं! कुठेही खळखळ नाही. आणि नऊ पॅकेजेस अशी, की ज्यांना अपग्रेडची गरजच पडली नाही. पहिल्याच आठवड्यात नऊ. बाकीचीही हळूहळू तयार होतील.

मंगळवार, १ एप्रिल

तीन शून्यं आणि तेवीस. नऊवरून तेवीस!

आलेख काढला. रेघ झपझप वर चढते. शीर्षक दिलं: 'अपग्रेडची गरज न पडलेली पॅकेजेस'. मॅडमना दाखवला. त्यांच्या हातात कुणाचा तरी अर्धा दात होता, तरी मान वर करून म्हणाल्या, छान. छान! सहा वर्षांत पहिल्यांदा.

ताईंनी आलेख बराच वेळ पाहिला. मग विचारलं की हा आकडा वाढणं चांगलं की कमी होणं चांगलं. मी त्यांना बसायला खुर्ची दिली आणि पंधरा मिनिटं शांतपणे समजावलं. त्या म्हणाल्या, बरं.

बोलण्यातून असंही कळलं की दर शुक्रवारी त्या सगळे एक्स-रे वेगळ्या डिस्कवर उतरवून कपाटात ठेवतात. माझ्या सर्व्हरवर एवढाही विश्वास नाही. मी मनाला लावून घेतलं नाही.

घेतलं.

मंगळवार, ८ एप्रिल

एकेचाळीस.

दाढेला गार पाणी लागतं. गार पाणी बंद केलं. प्रश्न सुटला.

दुपारी मागच्या खोलीत गेलो होतो. तिथे कवळीवाले काका बसतात, दवाखान्यातल्या सगळ्या कवळ्या त्यांच्या हातच्या. बॅटरी मारून त्यांनी माझ्या तोंडात पाहिलं आणि म्हणाले की साहेब, ही हलतेय. मी म्हणालो, हलत असली तरी जागेवर आहे. ते हसले आणि म्हणाले की मला काय, माझं गिऱ्हाईक वाढतं.

त्यांनीच जाऊन मॅडमना सांगितलं. मॅडमनी दंडाला धरून बसवलं आणि एक्स-रे काढला. म्हणाल्या, या आठवड्यात काढून टाकू. मी म्हणालो, बघू. फोटो माझ्या सर्व्हरवर सुरक्षित आहे. आता घाई कसली?

मंगळवार, १५ एप्रिल

अडुसष्ट! आलेखाला दुसरा कागद चिकटवावा लागला.

गरम पाणीही बंद. कोमट उत्तम.

संध्याकाळी बायकोने एक पुडकं उघडलं. आत लाकडी फ्रेम. लहानशी, कार्ड बसेल एवढी. म्हणाली की तीस तारखेला नवं कार्ड मिळालं की दारासमोरच्या भिंतीवर लावायची. माहेरी सगळ्यांना सांगून झालंय. आईला तर ती म्हणाली की आता हे कायम झाले. मी म्हणालो, अगं, अजून व्हायचंय. तर म्हणते, तुम्हीच तर सांगितलंत की झाल्यातच जमा आहे.

सांगितलं होतं. पण एवढं नव्हतं सांगितलं.

ती फ्रेम पदराने पुसत होती. मला एकदम भीती वाटली. कशाची ते कळलं नाही. आलेख परत एकदा पाहिला, तेव्हा बरं वाटलं.

सोमवार, २१ एप्रिल

एका संकेतस्थळावर वाचलं की फायली एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर पोचवणाऱ्या एका पॅकेजात मोठं भोक सापडलंय. कुणीही बाहेरचा आत शिरू शकतो. आपल्याकडे तेच पॅकेज आहे.

पुढे लिहिलं होतं की स्थिर आवृत्तीत त्याच दिवशी दुरुस्ती आली, आणि ज्यांच्याकडे दुरुस्त्या आपोआप येतात त्यांनी काळजी करू नये. हायसं वाटलं. आपल्याकडे आपोआपच येतात. ३ मार्चलाच ठरवलेलं आहे. वर नोंद आहे.

सोमवार, २८ एप्रिल

तपासनीस दोन दिवस आधीच आले. प्राथमिक पाहणी म्हणे. बारीक अंगाचे, आवाज हळू, हातात एक वही. असा माणूस ओरडत नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

खुर्चीवर बसले. माझीच मंगळवारची कमांड दिली. तीन शून्यं आणि सत्त्याण्णव. मी भिंतीवरच्या आलेखाकडे बोट दाखवलं. त्यांनी तो पहिल्या कागदापासून दुसऱ्या कागदापर्यंत पाहिला. चष्मा काढून पुसला, परत पाहिला. मग विचारलं की सगळ्या पॅकेजेसना होल्ड कुणी लावला.

मी म्हणालो, मी.

त्यांनी फार नीट समजावलं. मी ताईंना समजावलं होतं तसंच, शांतपणे. म्हणाले की हे सत्त्याण्णव म्हणजे दारात येऊन थांबलेल्या सत्त्याण्णव दुरुस्त्या. त्यांतल्या चौदा गंभीर. आपणच आतून कडी लावलीत. स्थिर आवृत्ती म्हणजे दुरुस्ती न घेणं नव्हे, मोडतोड न करता दुरुस्ती घेणं. सहा आठवडे पेशंटांचे एक्स-रे कुणालाही उघडता आले असते. नशीब की कुणी फिरकलं नाही. बुधवारी चार वाजता परत येतो.

मॅडम दारातच उभ्या होत्या. आलेखाचे कागद मी मागून काढले तेव्हा भिंतीचा रंगही निघाला.

मंगळवार, २९ एप्रिल

सकाळी ९.००. संकल्प: आज सगळं एकदम निस्तरायचं.

९.२०. सगळे होल्ड काढले. सत्त्याण्णवच्या सत्त्याण्णव दुरुस्त्या एका दमात सोडल्या.

९.४५. बाहेरचा प्रोग्रॅम आणि स्थिर भांडार परत भिडले. काम अर्ध्यात थांबलं. पुढेही जात नाही, मागेही येत नाही. सर्व्हर सांगतो: तुटलेली पॅकेजेस, एकेचाळीस.

१०.३०. एक्स-रे उघडत नाहीत.

११.१५. मेहुण्याला फोन केला. आयुष्यात पहिल्यांदा मी केला. त्याने विचारलं की बाहेरचं भांडार जोडलं होतंत का. मी म्हणालो, आवाज तुटतोय, आणि फोन ठेवला.

११.३०. परत केला. म्हणालो, जोडलं होतं. तो हसला नाही. हसेल असं वाटलं होतं. म्हणाला की भाऊजी, आता खरंच हात लावू नका. दोन्ही हात कीबोर्डवर होते. उचलून मांडीवर ठेवले. मग काय करू, असं विचारलं तर म्हणाला, दवाखान्यात दुसरं कुणी आहे का, ज्यांना थोडंफार येतं?

सांगितलं, नाही.

संध्याकाळी डावा गाल सुजला.

बुधवार, ३० एप्रिल. संध्याकाळी ६.००

सकाळी आरशात अर्धाच मी होतो, बाकी गाल. बायको म्हणाली, सर्व्हर गेला खड्ड्यात, आधी दाढ. दवाखान्यात शिरताच मॅडमनी तीन नंबरच्या खुर्चीत बसवलं आणि माझा ८ एप्रिलचा एक्स-रे मागवला.

उघडेना. माझ्याच दाढेचा फोटो, माझ्याच सर्व्हरवर, मीच अडकवलेला. मॅडमनी विचारलं की नक्की कोणती. मी बोट घातलं, पण तोवर सगळा जबडाच ठणकत होता, त्यामुळे तीन दाढांवर फिरलं. नवा काढावा तर गालामुळे एक्स-रेचा सेन्सर आत जाईना. मी डोळे मिटून घेतले. आता काहीही होवो, असं पहिल्यांदा मनापासून वाटलं.

ताईंनी कपाटातली शुक्रवारची डिस्क आणली. दुसऱ्या कॉम्प्युटरवर फोटो उघडला. करड्या छटा बऱ्या दिसत होत्या. दाढ निघाली.

सूज बघून मॅडमनी दिवसभर उठू दिलं नाही, त्यामुळे पुढचं सगळं खुर्चीत पडल्या पडल्या ऐकलं-पाहिलं, दार उघडं होतं. मॅडम ताईंना म्हणाल्या, तुम्हाला जमेल का. ताई म्हणाल्या, बघते. दवाखान्यातला जास्तीचा कॉम्प्युटर ठेवायला त्यांनी आणि कवळीवाल्या काकांनी टेबल सरकवलं. टेबल डगमगलं. काकांनी खाली वाकून पायाखालचा कागद काढला. ताईंनी तो उलगडला. मग ताईंचा आवाज आला. बरं.

हे 'बरं' वेगळं होतं.

स्थिर आवृत्ती. अधिकृत भांडार. एकोणीस पॅकेजेस. दुरुस्त्या आपोआप. दोन तास. एक्स-रे त्यांच्या डिस्कवरून.

चारला तपासनीस आले. कमांड दिली. चारही शून्यं. चौथा आकडाही शून्य असू शकतो, हे मला सहा आठवड्यांत कधी सुचलं नाही. पास. त्यांनी विचारलं की पॅकेजेस निवडली कुणी. नेटकी निवड आहे, एकही जास्त नाही, एकही कमी नाही. ताई म्हणाल्या, सरांनी. ही बघा त्यांची यादी, वर तारीख आहे, तीन मार्च.

खोटं बोलल्या असत्या तरी चाललं असतं. बोलल्या नाहीत.

तपासनीस चिठ्ठी घेऊन माझ्या खुर्चीपाशी आले. आठ घड्यांची ती चिठ्ठी त्यांनी तळहातावर उलगडून धरली होती. म्हणाले की यादी उत्तम आहे. मग पहिल्याच दिवशी का नाही लावलीत?

तोंडात कापूस होता. बोटाने खूण केली की नंतर सांगतो. चिठ्ठी ताईंकडे देऊन ते गेले.

शुक्रवार, २ मे

मॅडमनी शब्द पाळला. माझं कार्ड मागून घेतलं, पेन काढलं आणि 'तात्पुरता' खोडला. मग थोडं थांबून 'सिस्टिम' खोडला. मग 'प्रभारी'. नाव ठेवलं. म्हणाल्या की मन लावून करता हो तुम्ही, वाईट वाटून घेऊ नका. ताईंचं नवं कार्ड छापायला गेलंय. त्यात 'तात्पुरती' नाही.

सोमवारपासून रेकॉर्ड रूम. दोऱ्या आहेत तिथे भरपूर.

खोलीची किल्ली द्यायला गेलो. ताईंनी टेबलाच्या पायाखाली लाकडाची चकती बसवून घेतली आहे. चिठ्ठी मला परत दिली, इस्त्री केल्यासारखी सपाट करून. म्हणाल्या, तुमची आहे, जपून ठेवा.

घरी दिली. बायकोने दोन्ही बाजूंनी वाचली. काही समजलं नसणार. तिने ती फ्रेममध्ये बसवली आणि फ्रेम दारासमोरच्या भिंतीवर न लावता कपाटात, साड्यांखाली ठेवली. मेहुण्याला फोन करून म्हणाली की यादी यांचीच होती, अगदी पहिल्या दिवसापासून. तिकडून तो काय म्हणाला ते तिने सांगितलं नाही.

आता दोन्हीकडनं चावता येतं.

कापूस काढून दोन दिवस झाले. तपासनिसांच्या प्रश्नाचं उत्तर अजून आलेलं नाही.